चंदनबालाखालची तांबडी रेघ

"या जगात खोटं न बोलणाऱ्या वस्तू दोनच. एक तराजू आन् दुसरा कॉम्प्युटर," असं अजितकुमार खोतांनी सांगलीच्या गणपती पेठेतल्या आपल्या दुकानात गल्ल्यावर बसून जाहीर केलं. समोरच्या गिऱ्हाइकालाच नव्हे, शेजारच्या दुकानालाही ऐकू जावं अशा बेतानं. त्या वेळी त्यांची आई चंदनबाला, म्हणजे घरातली अव्वा, त्याच दुकानातल्या तराजूच्या वर गेलेल्या पारड्याला खालून मेणानं चिंचोका चिकटवत होती.

"कालपासनं सरळ हुबा ऱ्हाईना झालाय," तिनं गिऱ्हाइकाला समजावलं. मग मुलाकडे न बघता म्हणाली, "तू कॉम्प्युटरचं सांग, अजित. हितलं माझं मी बघते."

अजितकुमारांनी कॉम्प्युटर तोवर फक्त दारातून पाहिला होता. साल अठ्ठ्याण्णव. सांगलीत कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर तेव्हा चपला काढाव्या लागत, आत थंड हवा सोडलेली असे आणि माणसं आपोआप हळू बोलत. देवळाची एवढी सगळी लक्षणं जुळल्यावर आतला खोटं बोलत नसणार, हे अजितकुमारांनी धरून चालावं यात नवल नव्हतं.

आता आत जायची वेळ आली होती. साताऱ्याच्या जवान ग्राहक भांडारात 'चंदनबाला भडंग' ठेवायचं त्यांच्या मनात होतं. भांडार निवृत्त फौजींचं. त्यांनी नुकताच एक कॉम्प्युटर आणला होता आणि तो नुसता पुसून ठेवला तर वार्षिक सभेत उत्तर द्यावं लागलं असतं. म्हणून त्यांनी नियम काढला : ज्याला माल द्यायचा असेल त्यानं आपला प्रस्ताव इंग्रजीत लिहून फ्लॉपीवर घालून पाठवावा. सोबत नमुन्याचं एक पाकीट.

टाइप करायला अजितकुमार अक्षता बनसोडेकडे गेले. ही मुलगी कॉमर्सची पदवी घेऊन स्टेशन रोडला दोन मशीन टाकून बसली होती. लग्नपत्रिकांपासून कोर्टाच्या अर्जांपर्यंत सगळं छापून द्यायची आणि कुणाच्या गडबडीनं गडबडायची नाही.

तिनं पहिलं वाक्य टाइप केलं आणि अजितकुमार खुर्चीवरून अर्धे उठले.

"हे काय आलं?"

"कुठं, काका?"

"अव्वाच्या नावाखाली. तांबडं. गांडुळावानी."

"ते स्पेलचेक आहे. त्याला जो शब्द माहीत नसतो, त्याच्याखाली ते रेघ मारतं."

"त्याला अव्वा म्हाईत न्हाई?"

"नाही."

"भडंगाखाली बी हाय."

"भडंगही माहीत नाही."

"सांगलीखाली बी हाय की गं."

"ते सांगलीच्या बदली 'सिंगल' म्हणा म्हणतंय," अक्षतानं बटण दाबून पाहिलं. "आणि खोतच्या ऐवजी 'हॉट' चालेल का विचारतंय."

पाच पिढ्यांच्या खोतकीला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"मग ह्याला म्हाईत तरी काय हाय?"

"इंग्लिश."

"आन् मराठी?"

अक्षतानं दुसरी फाइल उघडली. कवठेपिरानच्या एका लग्नाची पत्रिका होती. वरपासून खालपर्यंत, कुलदेवतेपासून 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' पर्यंत, सगळं पान तांबडं.

"सगळंच चुकलंय?"

"त्याच्या मते. आपली मराठी अक्षरं म्हणजे त्याच्या लेखी इंग्रजी अक्षरांचा नुसता कालवा. मी बघतच नाही तिकडं."

"लगीन झालं का त्यांचं?"

"झालं की. पोरगं झालं."

याचा अजितकुमारांना थोडा धीर आला. त्यांनी अव्वाच्या नावावर बोट ठेवलं. "हितं दाब की. हिच्या बदली काय सांगतोय बघू."

अक्षतानं दाबलं. "काहीच नाही. म्हणतंय, याला पर्याय नाही."

"त्येवढं मातर बरोबर बोलला," अजितकुमार म्हणाले आणि खुर्चीत नीट टेकले.

पण व्यापाऱ्याचं मन. ते लगेच समोरच्या दुकानात गेलं. पेठेत त्यांच्यासमोरच भाऊसोंचं 'प्रिन्स भडंग' होतं आणि भाऊसोंनीही साताऱ्याला फ्लॉपी पाठवल्याचं कानावर आलं होतं. "प्रिन्स टाइप कर," ते म्हणाले. अक्षतानं केलं. स्वच्छ. धुतल्या तांदळासारखं. ज्या भडंगात शेंगदाणे मोजून शोधावे लागतात, त्या भडंगाला मशीननं मान खाली घालून वाट करून दिली होती.

"ह्याला कुणी सांगितलं भाऊसोंचं?"

"भाऊसोंचं नाही सांगितलं. प्रिन्स हा शब्द आत आधीपासून आहे. नवीन शब्द आपण घालायचा असतो. हे बघा, इथं 'ॲड' म्हणून आहे."

"म्हंजे तू सांगायचं, की ही आमची म्हणून?"

"हो."

अजितकुमारांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सांगलीच्या हळदीच्या सौद्यात नवा खरेदीदार आला, की त्याच्या खिशाकडे कुणी बघत नाही. जुना अडत्या पुढं होतो आणि नुसतं म्हणतो, "हा आपला." तेवढ्यावर पोती उचलू देतात. अडत्या जामीन असतो. कॉम्प्युटर म्हणजे दुसरं काय? बाहेरगावचा पेढीवाला. शहाणा असेल, पण परका. त्याला ओळख करून द्यायला जाणता माणूस पाहिजे.

"मग ऱ्हा बाई जामीन," ते म्हणाले.

अक्षतानं बटण दाबलं. चंदनबालाखालची रेघ गेली. भडंगाखालची गेली. सांगलीलाही तिनं लगे हात आत घेतलं.

"आता वळखतो?"

"ओळखतो."

"कायमचा?"

"या मशीनवर कायमचा."

यातले 'या मशीनवर' हे दोन शब्द अजितकुमारांनी ऐकले, पण घेतले नाहीत. आपल्याला लागतं तेवढं मापून घ्यायचं आणि बाकीचं समोरच्याच्या पोत्यात ठेवायचं, ही धंद्यातली सवय.

त्या आठवड्यात पेठेत दुसरा विषय नव्हता. चंदनबालाला कॉम्प्युटरनं पदरात घेतल्याचं अजितकुमार येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आणि पुडीभर भडंग हातावर ठेवत. मग गुळवाले आले, बेदाणेवाले आले, मलकापूरहून एक पापडवाले खास एसटीनं आले. अक्षता सगळ्यांना एकेक करून आत घेत होती. आडवे झाले ते एकटे भाऊसो.

"माझं बी घाल," ते येऊन म्हणाले.

"तुमचं आधीपासूनच आहे, काका."

"मी सांगायच्या आदी?"

"हो. सगळ्यांच्याच मशीनवर आहे."

भाऊसो विचारात पडले. "म्हंजे माझं म्हणून न्हाईच," ते शेवटी म्हणाले. "नळावरच्या बादलीवानी झालं हे. लेकाचा अजितकुमारच्या आईला वळखतो, आन् मला इचारत बी न्हाई." त्यांनी तिला आपलं स्वतःचं नाव तरी घालायला लावलं आणि मगच घरी गेले.

असं सगळं सुखात चाललेलं असताना साताऱ्याहून फोन आला.

"जवान भांडार, सातारा. हवालदार क्लार्क नाथाजी शेडगे, रिटायर," पलीकडचा आवाज म्हणाला. "खोतसाहेब, तुमची फ्लॉपी उघडली. जरा अडचण हाय. तुमच्या मालाच्या नावावर रेड इंक एंट्री हाय."

"काय हाय?"

"रेड इंक एंट्री. फौजेत जवानानं कसूर केली, की त्याच्या कंडक्ट शीटवर तांबड्या शाईनं नोंद व्हती. ती एकदा बसली, की जल्माची. बढती न्हाई, काय न्हाई. तुमच्या चंदनबाला म्हणून ज्या कोण बाई हाईत, त्यांच्याखाली तशी तांबडी शाई हाय. भडंगाखाली दोघांच्या बी हाय, पण प्रिन्सवाल्याचं नाव साफ हाय. कमिटी म्हणती, सोमवारी बैठक हाय, तवर नाव तरी बदला, न्हाई तर सोता येऊन खुलासा करा. न्हाई तर प्रिन्सला हुकूम."

अजितकुमार चपला न घालताच अक्षताकडे गेले. तिनं ऐकून घेतलं.

"तिथलं मशीन वेगळं आहे, काका. त्याला मी काही सांगितलेलं नाही."

"तू जामीन ऱ्हायलीस ना पण?"

"इथं राहिले. तिथं तिथलाच कुणीतरी लागेल." मग ती म्हणाली, "सोपं सांगू? नाव बदला. 'मदर भडंग' करू. एका मिनिटात पास होईल. कुठंही न्या, नावाखाली रेघ येणार नाही."

सल्ला वाईट नव्हता. अजितकुमारांनी तो घरी नेला आणि जेवताना अव्वापुढं ठेवला.

"मग बदल की," अव्वा म्हणाली. "नावानं काय भडंग कुरकुरीत व्हतंय व्हय?"

अजितकुमार जेवत राहिले, पण घास फिरत होता. अव्वाचं नाव छापलेलं असं जगात दुसरं काही नव्हतं. रेशनकार्डावर ती 'पत्नी' होती आणि नंतर 'आई'. वडील हयात असताना तिला "अगं ए" म्हणत. ते गेल्यावर ती ज्या चुरमुऱ्यावर घर चालवायला लागली, तो घ्यायला येणारे "मावशी" म्हणत. पाकिटं छापायची वेळ आली तेव्हा अजितकुमारांनी तिला न विचारता नाव घातलं होतं. पहिलं पाकीट तिनं उलटंसुलटं केलं आणि "शाई उठती का बघ हाताला," एवढंच म्हणाली होती. पण ते पाकीट तिच्या ट्रंकेत अजून होतं, हे त्यांना ठाऊक होतं.

"बदलणार न्हाई," अजितकुमार म्हणाले. "त्येला पर्याय न्हाई. मशीनच म्हणालंय तसं. तू बी चल साताऱ्याला."

"मी कशाला?"

"वळख पटवायला."

सोमवारी मायलेक एसटीनं साताऱ्याला पोचले. पोवई नाक्याच्या अलीकडं भांडाराचं कार्यालय होतं. लांब टेबल, भोवती कमिटी, सगळ्यांच्या मिशा ताठ. मधोमध अध्यक्ष, निवृत्त सुभेदार केरू खरात. ते वयानं सत्तरीच्या घरात, पाठीनं अजून पंचविशीत. टेबलाच्या टोकाला कॉम्प्युटर, आणि त्यामागं फोनवाले नाथाजी शेडगे. पडद्यावर चंदनबाला आणि तिच्याखाली ती रेघ, आख्ख्या कमिटीला दिसेल अशी वळवून ठेवलेली.

"जय जिनेंद्र," अजितकुमार म्हणाले.

"जय भीम. बसा," सुभेदार म्हणाले. "आजींना खुर्ची द्या रं. हां, बोला. ही एंट्री कशी काय पडली?"

अजितकुमार बसले नाहीत. सौद्यात बसून कुणी भाव मागत नाही. "साहेब, एंट्री न्हाई ती. परक्या माणसानं वळख न्हाई म्हटलं, तर त्याला कसूर म्हणत न्हाईत. सांगलीच्या मशीनवर आमचं नाव साफ हाय. येऊन बघा."

"एका युनिटातली शीट दुसऱ्या युनिटात चालत न्हाई. हितल्या मशीनवर बोला."

"हितल्याच मशीनवर बोलतो. तुमचं नाव घाला त्यात."

टेबलावर हालचाल झाली. "मी काय भडंग हाय?" सुभेदारांनी विचारलं.

"न्हाई ना. म्हणूनच म्हणतो. तुमी तर सुभेदार. तुमाला तर वळखायलाच पायजे त्यानं."

यातून मागं हटणं फौजी माणसाला शक्य नव्हतं. "घाला, शेडगे," सुभेदार म्हणाले. शेडग्यांनी दोन बोटांनी केरू खरात घातलं. दोन्ही शब्दांखाली तांबडी शाई उमटली, एकसारखी, ठसठशीत.

सुभेदारांनी पुढं वाकून दोन्ही शब्द परत वाचले.

"सव्वीस वर्षं सर्व्हिस," सुभेदार सावकाश म्हणाले. "एक डाग न्हाई."

"आता माझं घाल बरं," कमिटीतले एक जण घाईनं म्हणाले. घातलं. तांबडं. मग दुसऱ्यांचं. तांबडं. एकेक करून अख्खी कमिटी मशीनपुढून गेली आणि अख्ख्या कमिटीची शीट खराब निघाली. एकानं आपल्या पदकाचं नाव तरी घालून बघायला सांगितलं, तेही तांबडं.

"राहिलं कोण?" सुभेदारांनी विचारलं.

"मी, साहेब," शेडगे म्हणाले आणि त्यांची बोटं थांबली. "माझं कशाला?"

"हुकूम हाय."

शेडग्यांनी घातलं. नाथाजी शेडगे. खाली काही नाही. स्वच्छ.

आता मात्र सगळ्या माना टेबलाच्या टोकाकडं वळल्या. "आयला," पदकवाले म्हणाले, "सगळ्या टेबलात खरीखुरी एंट्री हाय ती ह्या एकट्यावर. कुंडलच्या मैदानाची."

"कसली?" अजितकुमारांनी विचारलं.

"रजेवर आला हुता. कुंडलला कुस्त्या बघाय गेला, आन् परत युनिटात जायचंच इसरला."

"इसरलो न्हवतो," शेडगे दुखावून म्हणाले. "शेवटची कुस्ती निकालीच निघंना. रजा संपली, कुस्ती संपंना. मधीच उठून जायचं व्हय?"

"शेडगे," सुभेदार म्हणाले, "मग मशीनवर साफ कसं?"

शेडगे आधी कीबोर्डकडं, मग खिडकीकडं बघत राहिले. "मशीन आलं त्याच दिशी माझं नाव आत घातलं मी. हितं एक बटन हाय. म्हटलं, खरी शीट काय आता पुसत न्हाई. कुठल्या तरी एका ठिकाणी साफ असावं."

कुणी हसलं नाही. पदकवाल्यांनी घसा साफ केला आणि तेही तेवढ्यावर राहिले.

"म्हंजे सोताच सोताचा जामीन," अजितकुमार म्हणाले. "सांगलीत चालत न्हाई ते, पण कळलं मला." मग त्यांनी सौदा, अडत्या आणि 'हा आपला' हे सगळं कमिटीला समजावून दिलं. इतक्या ठामपणे, की कॉम्प्युटर हा मुळात हळदीच्या व्यापारासाठीच निघाला असावा, असं दोघातिघांना वाटून गेलं.

सुभेदारांनी ऐकून घेतलं आणि टेबलावर बोट आपटलं. "बरोबर. रेघ मशीन मारतं, पुसायला माणूस लागतो. पण नियम पायजे. आपली एंट्री आपण पुसायची न्हाई, शेडग्यावानी. दुसऱ्यानं उभं ऱ्हायचं. घरचा माणूस चालणार न्हाई."

मग रीतसर कारवाई झाली. एक उठे आणि दुसऱ्यासाठी म्हणे, "हा आपला," आणि शेडगे बटण दाबत. एका ठिकाणी दोघांमध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुकीवरून जुनं काही निघालं आणि एकजण उठायला तयार होईना. सुभेदारांनी नुसतं बघितलं. तो उठला. शेवटी कमिटी धुऊन निघाली आणि पडद्यावर एकच रेघ उरली.

"आता चंदनबाला," सुभेदार म्हणाले. "कोण उभं ऱ्हातंय?"

अजितकुमार पुढं सरले.

"तुमी न्हाई. घरचे."

साताऱ्यात अव्वाला ओळखणारं कुणी नव्हतं, आणि ज्याला ओळखत नाही त्याच्यासाठी उभं राहायचं नाही, हे फौजेतही तसंच आणि सौद्यातही तसंच. स्वतःच पटवून दिलेल्या नियमानं आपलीच वाट अडवलेली अजितकुमार बघत होते.

"तुमी करता का आजी हे भडंग?" सुभेदारांनी विचारलं.

"आता पोरी करत्यात. मी बघती. तिखट मातर माझ्या हातचं."

"हितं कुणी वळखतं तुमाला?"

"हितं कोण वळखंल? पयल्यांदाच आली."

"मी ऱ्हातो उभा," नाथाजी शेडगे म्हणाले आणि खरोखरच उभे राहिले.

"तुमी कसं वळखता?"

"नमुन्याचं पाकीट आलं हुतं, साहेब. ते मीच संपवलं."

"ते कमिटीला हुतं, शेडगे."

"व्हय साहेब. पयला घास कमिटीसाठीच घेतला. मग थांबायला जमलं न्हाई."

"कुंडल," पदकवाले पुटपुटले.

"आन् तुमच्यावर एंट्री हाय," सुभेदार म्हणाले. "एंट्रीवाला दुसऱ्याचा जामीन कसा?"

"म्हणूनच ऱ्हातो. एंट्री कशी असती, ते ह्या खोलीत मला एकट्यालाच म्हाईत हाय. तिची चव म्हाईत हाय. त्या पाकिटात ती न्हवती."

सुभेदारांनी पडद्यावरच्या रेघेकडं बोट केलं. मग म्हणाले, "दाबा."

शेडग्यांनी दाबलं. पडद्यावर चंदनबाला हे नाव आता नुसतं नाव होतं, खाली काही नसलेलं. अजितकुमारांनी अव्वाकडं बघितलं. ती पडद्याकडं बघत होती आणि ओठ हलवत एकेक अक्षर लावत होती. इंग्रजी तिला येत नव्हतं. पण आपलं कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं, ते पाकिटावरून तिला पाठ होतं.

चंदनबाला भडंगाचा हुकूम झाला. सुभेदार उठले म्हणून कमिटी उठली. सुभेदारांनी अव्वाला सलाम केला, तसा कडक सलाम त्या खोलीत पंधरा ऑगस्टलाही झाला नसेल.

"आजी," ते म्हणाले, "आजपासनं भांडार तुमाला वळखतं. मशीन वळखतं. सातारा वळखतो. तुमची काय बी इच्छा आसू दे, लाजू नका. भांडार हजर हाय."

अजितकुमारांचा ऊर भरून आला. या शब्दांना साजेसं काहीतरी अव्वा बोलणार, आणि ते आपण पुढच्या पाकिटांच्या मागच्या बाजूला छापायचं, हे त्यांनी तिथल्या तिथं ठरवून टाकलं. खिशातलं पेनही निघालं.

अव्वानं कॉम्प्युटरकडं बघितलं. मग कोपऱ्यातल्या बंद टेबल फॅनकडं बघितलं.

"त्ये वाईच बंद कराल का?" ती म्हणाली. "त्याचा पिन काढून फॅनला लावा. लय उकडाय लागलंय."